टाइम ऑफिसवाल्यांची कन्या

या लिखाणात कुणाचंही नाव येणार नाही. माझं पहिलं नाव मी कुणाला सांगत नाही. दुसरं मी स्वतः ठेवलं आणि ते ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर छापून झालं, तेवढं त्याला पुरे आहे. बाकीच्यांनी मला त्यांची नावं घ्यायची परवानगी दिलेली नाही. फक्त एका माणसाचं नाव मी परवानगीशिवाय, भर माइकवरून, वर्षानुवर्षं घेत आले. ते माझे वडील. ते कसं सुरू झालं ते सांगते.

भिलाईत, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या लहानपणी माणसाची ओळख डिपार्टमेंटवरून व्हायची. कोक ओव्हनवाले, रेल मिलवाले, ब्लास्ट फर्नेसवाले. आमच्या सेक्टरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एखादं पोर स्टेजवर चढायचं असलं, की माइकवरून पुकारा व्हायचा, ‘रेल मिलचे श्री. अमुक यांची कन्या कुमारी तमुक आता भावगीत सादर करीत आहे.’ लगेच मागच्या रांगांतून रेल मिलवाले टाळ्या वाजवायचे. पोरगी कोण, आवाज कसा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. आपलं डिपार्टमेंट पुकारलं की हात आपोआप वाजायचे. सहाव्या वर्षी मी गणपतीस्तोत्र म्हणताना मधेच विसरले आणि रडत खाली उतरले, तरी टाइम ऑफिसवाल्यांनी मला भरपूर टाळ्या दिल्या होत्या.

टाइम ऑफिस म्हणजे कामगारांची हजेरी, पाळ्या आणि रजा ठेवणारं खातं. माझे वडील तिथे क्लार्क. वर्ध्याकडून नोकरीला आले आणि इथलेच झाले. मंडळाचा माइक त्यांच्याकडे असायचा. घरी ‘मले’, ‘तुले’ म्हणणारा हा माणूस माइक हातात आला की रेडिओवर बातम्या देत असल्यासारखा बोलायचा. सेक्टरमधल्या एकूण एक पोरांना त्यांनी स्टेजवर पुकारलं होतं. मलाही पुकारलं, दर वर्षी, ‘चिरंजीव’ म्हणून.

मी चिरंजीव नव्हते. हे मला कधी कळलं असं लोक विचारतात, जणू काही एका मंगळवारी पोस्टमननं पत्र आणून दिलं. मला ते कायमच ठाऊक होतं. आजूबाजूच्यांना कळायला वेळ लागला, हा त्यांचा प्रश्न. आज त्यासाठी बरे शब्द आहेत. तेव्हा जे होते त्या सगळ्या शिव्या होत्या, मराठीत, हिंदीत आणि छत्तीसगढीत. शाळेच्या रस्त्यावर मी तिन्ही भाषांतून त्या खाल्ल्या आणि तिन्ही भाषांतून परत केल्या. माझ्या तोंडाचा पट्टा तिथेच तयार झाला.

आईचं म्हणाल तर तिनं एकदाच विचारलं. मी नववीत होते. तिची ओढणी घेऊन आरशासमोर उभी होते आणि ती दारात.

“कावून रे, पोट्टीवानी ओढणी घेऊन राहिला?”

“पोट्टी आहो म्हणून,” मी म्हणाले.

तिनं ओढणीकडे पाहिलं. मग म्हणाली, “बाबाले नको सांगू आत्ताच.” आणि कुकर बघायला गेली. ती रडली असेल तर स्वयंपाकघरात रडली. मला तिनं मारलं नाही, डॉक्टरकडे नेलं नाही, अंगारा लावला नाही. तेव्हा मला ते कमी वाटलं होतं. आता वाटतं, त्या क्वार्टरमध्ये, त्या काळी, ते फार होतं.

गाण्याचं वेड लागलं ते बारावीनंतर. शेजारी तेलुगू इंजिनिअर राहायचे, त्यांच्या अमेरिकेतल्या भावानं एक कॅसेट पाठवली होती. त्यावर काही काळी पोरं न थांबता, न गाता, नुसती बोलत होती. खाली ढोल आणि वर भांडण. एक अक्षर कळलं नाही, पण ते भांडतायत आणि भांडणात जिंकतायत हे मला स्वच्छ कळलं. त्याला हिप-हॉप म्हणतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्याकडे असल्या सगळ्याला ब्रेक-डान्सच म्हणत.

आमच्या घरी एक टू-इन-वन होता. दुसरा टेपरेकॉर्डर मी शेजारून मागून आणला. दुपारी बाबा ड्युटीवर, आई झोपलेली. एका टेपवर कॅसेटमधला नुसत्या ढोलाचा तुकडा वाजवायचा, चार सेकंदांचा, आणि दुसऱ्यावर उतरवून पॉज दाबायचं. मग पहिली कॅसेट मागे घ्यायची, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा पॉज. असे दीडशे तुकडे जोडून दहा मिनिटांचा ढोल तयार व्हायला दोन आठवडे लागले. प्रत्येक जोडावर ‘टक’ असा आवाज राहायचा. आधी मला त्याचा राग यायचा, मग मी त्या ‘टक’वरच शब्द बसवायला लागले. शब्द बसवायचे कसे, ते मी पावर हाउसच्या बाजारात शिकले. तिथले ऑटोवाले एका श्वासात ‘सुपेला-नेहरूनगर-दुर्ग-दुर्ग-दुर्ग’ ओढायचे आणि मधेच एखाद्या बाईला ‘बैठो न भाभी’ म्हणायचे, तरी लय सुटायची नाही. मी भाजी आणायला जायचे आणि तासभर त्यांच्याजवळ उभी राहायचे.

बाहेरचं पहिलं स्टेज मला जवळच्या चरोद्यात मिळालं. रेल्वे कॉलनीत एकाचा ऑर्केस्ट्रा होता. तो दिवसा यार्डात नोकरी करायचा आणि संध्याकाळी टाय लावून ‘मालिक’ व्हायचा. मी त्याला माझी कॅसेट ऐकवली. त्यानं ती अर्ध्यातच बंद केली आणि मला खालून वरपर्यंत पाहिलं. केस वाढलेले, अंगात सलवार-कुर्ता.

“ये सब छोड़,” तो म्हणाला. “दो गानों के बीच में साड़ी पहनके आ, थोड़ा मटक, ताली बजा. पब्लिक हँसेगी. बस, इतना काम है.”

मी हो म्हणाले. याची लाज मला अजून वाटते. तीन कार्यक्रम मी तसे केले. लोक हसले, शिट्या वाजल्या, एकानं केळ्याचं साल मारलं. चौथ्या वेळी मी साडी नेसले, स्टेजवर गेले, ढोलकवाल्याला सांगितलं, ‘दादा, एकच ठेका, थांबू नका,’ आणि टाळी वाजवायच्या ऐवजी बोलायला लागले. पुढच्या रांगेतल्या, सगळ्यात मोठ्यानं हसणाऱ्या माणसापासून सुरुवात केली. त्याचा शर्ट, त्याचं पोट, त्याच्या मिशा, त्याची घरी बायकोसमोर होणारी अवस्था, सगळं यमकात. लोक आधी त्याला हसले. मग मी लोकांवर आले. हसणं थांबलं आणि टाळ्या सुरू झाल्या. मालिक विंगेतून हातवारे करत होता, मी त्याच्यावरही दोन ओळी केल्या. त्या दिवसापासून त्यानं मला साडी नेस म्हटलं नाही. पुढच्या पोस्टरवर माझं नाव आलं, खाली ‘रैप क्वीन’ लिहिलेलं. क्वीन शब्द त्याचा होता, मी फक्त खोडला नाही.

दोन वर्षांत मी दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, रायपूर इथे जाऊन आले. दुर्गापूजेचे मंडप, कॉलेजांची गॅदरिंगं, एका आमदाराच्या पुतण्याचं लग्न. शिव्या पडल्याच, पण आता त्यांना माझ्याकडे ढोलावर उत्तर होतं. घरी मात्र चिडीचूप. बाबांना सगळं माहीत होतं. त्यांनी मला घराबाहेर काढलं नाही आणि माझ्याशी बोलणंही काढलं नाही. मी समोरून आले की ते पेपर वर घ्यायचे. पाठीत धपाटा घातला असता तर बरं, असं वाटायचं. निदान मी आहे हे त्यांनी मानलं असतं.

मग गणपती आले. मंडळाच्या पोरांच्या कमिटीनं ठरवलं की यंदा आपल्याच सेक्टरच्या कलाकाराचा कार्यक्रम ठेवायचा, म्हणजे माझा. मी लगेच हो म्हटलं. टाळ्या मला चरोद्यात मिळत होत्या. मला पाहिजे होता एकच शब्द, त्या माइकमधून, त्या माणसाच्या तोंडून, ज्यानं सेक्टरच्या प्रत्येक मुलीला ‘कन्या’ म्हटलं होतं.

मंडळाच्या चिठ्ठ्या सायक्लोस्टाइल केलेल्या असायच्या. कार्यक्रमाचा प्रकार, नाव, वडिलांचं नाव, डिपार्टमेंट, आणि शेवटच्या ओळीत ‘चिरंजीव / कन्या (लागू नसेल ते खोडा)’. बाबांनीच तो नमुना केला होता, ऑफिसच्या फॉर्मवरून. चिठ्ठ्यांचा गठ्ठा आमच्याच जेवणाच्या टेबलावर असायचा. मी एक भरली. नाव माझं, वडिलांचं नाव त्यांचं, डिपार्टमेंट टाइम ऑफिस. शेवटच्या ओळीतला ‘चिरंजीव’ मी पट्टी धरून खोडला आणि चिठ्ठी त्यांच्या फायलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फायलीत माझी चिठ्ठी नव्हती. तिच्या जागी नवी होती, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात, आणि ‘कन्या’ खोडलेलं. मी ती काढली, फाडली आणि पुन्हा आपली भरून ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्यांची. आठवडाभर हे चाललं. आम्ही दोघं एकाच टेबलावर जेवत होतो, एकमेकांकडे बघत नव्हतो, आणि फायलीत लढाई चालू होती. एकदा मी मुद्दाम लाल शाईनं खोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीही लाल शाई वापरली. शेवटी आई वैतागली.

“तुमा दोघाइच्या कागदाच्या भानगडीत माझ्या पोळ्या करपून राहिल्या,” ती तव्यावरूनच ओरडली. “तोंडं देली ना देवानं? मग बोला ना!”

बाबा उठले आणि हात धुवायला गेले. मी गठ्ठ्यातून पुढची चिठ्ठी ओढली. आडमुठेपणा मी त्यांच्याकडूनच घेतलाय, तो काही मला रस्त्यात सापडला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पाहिलं तर गठ्ठ्यात एकच कोरी चिठ्ठी उरली होती. मी ती भरली, ‘चिरंजीव’ खोडला आणि फायलीत ठेवली. आता नवी चिठ्ठी नव्हती. साध्या कागदावर लिहून काम भागवणं हे बाबांच्या रक्तातच नव्हतं. मी जिंकले होते, असं मला दिवसभर वाटत होतं. मी निळा सलवार-सूट घातला, आईनं ओढणीला पिन लावून दिली आणि म्हणाली, “शिव्या नको देजो तिथं. गणपती बसला आहे.”

माझा नंबर नववा होता. मी विंगेत उभी, बाबा स्टेजच्या कोपऱ्यात, माइकसमोर. आठवं पोर खाली उतरलं. बाबांनी चिठ्ठी उचलली, चष्मा नीट केला. एवढी भीती मला केळ्याच्या सालांचीही वाटली नव्हती.

“कार्यक्रम क्रमांक नऊ,” बाबा म्हणाले. “रॅप.”

एवढंच. नाव नाही, डिपार्टमेंट नाही, कोणाचं कोण नाही. त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, माइक स्टँडला लावला आणि पायऱ्या उतरून ते खाली गेले. मी पुढे होऊन चिठ्ठी पाहिली. त्यांनी शेवटच्या ओळीतलं दोन्ही खोडलं होतं. चिरंजीवही आणि कन्याही. दोन्ही लागू नाही.

तिथे मी रडायला हवं होतं कदाचित. मला इतका संताप आला की माझे कान गरम झाले. चिरंजीव म्हणाले असते तर मी समजून घेतलं असतं, जुना माणूस, जुनी सवय. पण वीस वर्षं ज्याच्या ताटात जेवले त्यानं मला लागू नाही करून टाकावं? मी माइकपाशी गेले. स्टँड त्यांच्या उंचीला लावलेला होता, तो मी खाली ओढला. आणि त्यांच्याच रेडिओच्या मराठीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “टाइम ऑफिसचे श्री. अमुक अमुक यांची कन्या आता रॅप सादर करीत आहे.” अर्थात तिथे मी अमुक म्हटलं नाही. त्यांचं नाव घेतलं, पूर्ण, आजोबांच्या नावासकट.

आणि मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. टाइम ऑफिसवाल्यांनी डिपार्टमेंटचं नाव ऐकलं आणि सवयीनं हात वाजवले. अर्ध्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण कशाला टाळ्या वाजवतोय. हात हवेत थांबले, माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पण टाळी एकदा वाजली की ती परत घेता येत नाही. मी कॅसेट सुरू करायची खूण केली.

‘ए क्वार्टर, सी क्वार्टर, बंगल्यावाले साहेब,
तुमच्या फारमात माझा रकाना अजूनबी गायब.
रकाना नसन तर नसो, मीच रेघा मारते,
तुमी मोजा माणसं, मी मोजणाऱ्याले मोजते.’

पुढच्या खुर्च्यांवरचे चारपाच जण उठून गेले. मंडळाचे सेक्रेटरी दोनदा उभे राहिले आणि दोनदा बसले. मागे पोरं नाचत होती. मी दहाच्या दहा मिनिटं पूर्ण केली, एक ओळही गाळली नाही. शिवी दिली नाही, आईला शब्द दिला होता. दहावा कार्यक्रम पुकारायला बाबा आले नाहीत, कमिटीतल्या कुणीतरी पुकारला.

दुसऱ्याच आठवड्यात मी घर सोडलं. दुर्गच्या बोरसीला एका शिवणकाम करणाऱ्या विधवा बाईंकडे खोली घेतली. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “तुम क्या हो?” मी म्हटलं, “किरायेदार.” त्या हसल्या आणि किल्ली दिली. त्या दिवसापासून जिथे जिथे कार्यक्रम केला, तिथे माइक हातात घेऊन आधी तेच म्हटलं. टाइम ऑफिसचे श्री. अमुक यांची कन्या. दुर्गला म्हटलं, बिलासपूरला म्हटलं, एकदा नागपूरलाही म्हटलं, जिथे भिलाईचं टाइम ऑफिस कुणाच्या बापाला माहीत नव्हतं. लोकांना वाटायचं, ही माझी स्टाइल आहे. स्टाइल कसली, तो राग होता. त्या माणसानं मला खोडलं होतं आणि मी स्वतःला दर शनिवारी पुन्हा लिहीत होते, त्याच्याच नावाखाली.

रविवारी दुपारी मी आईकडे जेवायला जायचे. बाबा त्या वेळी बाहेर पडायचे. अशी तीन वर्षं गेली. एका रविवारी ते बाहेर पडले नाहीत. मी जेवत होते तिथे ते समोरच्या खुर्चीवर येऊन बसले. पेपर नव्हता हातात. चेहरा लाल झालेला.

“माझं नाव कावून घेऊन फिरते लोकाइमंदी?” ते म्हणाले. कित्येक वर्षांतलं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. “काल बसमंदी एक जण मले हात जोडून म्हणे, आपकी बिटिया का प्रोग्राम सुना. सगळी बस पाहून राहिली मायाकडे. मले विचारलं काय तू, माझं नाव घ्याच्या आधी?”

“तुमी मले विचारलं होतं काय, चिरंजीव म्हणाच्या आधी?” मी म्हणाले. हातातला घास तसाच. “आणि खोडाच्या आधी? तवा विचारलं काय?”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी बाबांच्या डोळ्यांत बघत होते आणि ठरवलं होतं की आज ते उठून जाईपर्यंत नजर काढायची नाही. मी घाबरले होते, तरी काढली नाही.

बाबा उठले नाहीत. त्यांनी टेबलावरचं मीठ उगाच सरकवलं.

“मंग त्या बसवाल्याले तुमी काय म्हटलं?” आईनं विचारलं.

“काय म्हणाचं? हाव म्हटलं,” बाबा म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, चांगल्याच चिडक्या आवाजात, “पण टाइम ऑफिस टाइम ऑफिस काय लावलं आहे तू? दोन साल झाले मले टाइम ऑफिस सोडून. मी स्टोअर डिपार्टमेंटमंदी आहो आता. सांगतच आहे तर बरोबर सांगत जाय.”

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी हातातला घास ताटात ठेवला. आईनं पाणी दिलं. पाणी पिऊन मी म्हटलं, “सांगते.” पुढच्या शनिवारी दुर्गला मी तसंच सांगितलं.